आक्कांना नाही सांगून आले

माझ्या आत्याबाई,

तुम्हाला जाऊन पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज वहीची पानं फाडून बसलेय, म्हणजे सुनेनं काहीतरी करून ठेवलंय हे तुम्ही ओळखलंच असेल. करून ठेवलंय खरं. तुम्हाला एक 'नाही' सांगायचं राहिलंय.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. लग्नाची पत्रिका आली की माझ्यापुढं धरायच्या आणि म्हणायच्या, "वाच गं, कुणाकुणाची नावं टाकलीत आन् कुणाची खाल्लीत ते बघू." म्हणून हे पत्रही मी मोठ्यानं वाचत वाचत लिहितेय. तुमचा लेक ओसरीवर बसून ऐकतोय आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतोय. त्याची ही सवय तुम्हाला माहीतच आहे.

मुद्द्यावर येते. आमच्या मुक्ताच्या बारशाला तुम्ही आक्कांना, म्हणजे तुमच्या लेकीला, जो शब्द दिला होता तो मी मोडला. जिंतूरला गेले, आक्कांच्या घरात बसले आणि त्यांच्या ओंकारसाठी आमची मुक्ता देणार नाही असं सांगून आले. भावकीत सगळ्यांना कळलं. शब्द देणारीलाच तेवढं कळवायचं राहिलं होतं.

रागावायचं असेल तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या. कारण हे नाही म्हणायला मला शिकवलं कुणी? तुम्हीच ना?

मी सेलूची. वडील जिनिंगमध्ये कामाला. आमच्याकडं पत्रिका आली की जमलं तर जायचं, नाही जमलं तर कोण बघतंय. लग्न होऊन वालूरला आले तर इथं आवतणातही प्रकार. घरटी एक म्हणजे घरातून एकानं जायचं. आणि चूलबंद म्हणजे लहानथोर सगळ्यांनी जेवायला जायचं, त्या वेळेला आपल्या घरची चूल पेटवायची नाही. आता घरोघरी गॅस आलाय, तरी आवतण अजून चूलबंदच असतं.

आणि मी कशी होते? कुणी काही विचारलं की हो. येता का? येते की. देता का? देते की. शिवता का? आणा की. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, सून लय गुणाची मिळाली. तुम्ही मात्र काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. मला वाटायचं, म्हातारीला माझं कौतुक सहन होत नाही. खरंच असं वाटायचं हो, आज कबूल करते.

मग गयाबाईकडचं जावळ आलं. ते कुटुंब दर साल ऊसतोडीला जायचं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला परत आले आणि नातवाचं जावळ काढायचं ठरवलं. गयाबाई स्वतः आवतण घेऊन आली, तुम्ही शेतात होतात. दारातूनच म्हणाली, "चूलबंद हाय बरं का वैनी. समद्यांनी यायचं." मी म्हणाले, "येतो की." आणि तुम्हाला सांगायचंसुद्धा विसरले. माझ्या 'हो'ला माझ्याच लेखी एवढी किंमत होती.

जावळाच्या दिवशी तुम्ही डोळे दाखवायला लेकाला घेऊन परभणीला गेलात आणि इकडं सेलूहून माझा भाऊ आला, न सांगता. भाऊ आला म्हटल्यावर मला कशाचं भान? चूल पेटवली, भजी तळली. जेवणाच्या वेळेला गयाबाईकडून बोलावणं आलं. "व्हा पुढं, आलेच," म्हणाले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा लाजेनं आतून कडी लावून घेतली. आमच्या घरावरचा धूर मात्र सगळ्या गल्लीला दिसत होता.

तुम्हाला एसटीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी सांगितलं. मला वाटलं आता माझी खैर नाही. तुम्ही फक्त म्हणालात, "पदर घे. चल." भाऊ बिचारा हातात पेला घेऊन तसाच उभा राहिला.

गयाबाईच्या अंगणात पंगती उठून गेल्या होत्या. तिचा म्हातारा सासरा भिंतीला टेकून बसला होता. चूलबंद सांगितलेलं एक घर अजून जेवलं नाही, मग घरच्या कारभाऱ्यानं कसं जेवायचं, म्हणून तो सकाळपासून उपाशी होता. गयाबाईनं तुमच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आमच्या घरचं तुमाला चालत नसंल तर तसं सांगायचं व्हतं वैनी."

जमीन दुभंगली असती तर बरं, असं मला झालं. माझ्या डोक्यात असलं काही नव्हतं. पण ते तिला कसं कळावं? बारा एकरवाल्यांच्या घरावर धूर आणि तिच्या पत्रावळी रिकाम्या. तिनं लावला तोच अर्थ कुणीही लावला असता.

तुम्ही सरळ खाली बसलात. "वाढ गं गया. भूक लागलीय." गार झालेला भात, वरण, लापशी. तुम्ही दोनदा मागून घेतलंत. म्हाताऱ्यालाही शेजारी बसवून जेवायला लावलंत. आणि हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "सुनंची चूक न्हाई. म्या तिला शिकवलं न्हाई, माझी चूक हाय."

आत्याबाई, मला घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चार माणसांत सुनेवर खापर फोडायची आयती संधी होती, आणि तुम्ही ते स्वतःच्या डोक्यावर घेतलंत. त्याबद्दल मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. पडले नाही. घरी येऊन नुसती रडत बसले.

"रडायलीस कशाला?" तुम्ही म्हणालात. "सकाळी जाऊन सांगितलं असतंस, भाऊ आलाय, आमी येत न्हाई, तर म्हातारा येळंवर जेवला असता. एवढंच." मग थोड्या वेळानं, तुरीची डाळ पाखडता पाखडता, "हो म्हणायचं आसंल तर निरोप धाडला तरी चालतंय. न्हाई म्हणायचं आसंल तर आपण जायचं. बसायचं, च्या घ्यायचा, मंग सांगायचं."

मला वाटलं, झालं, आलं आपल्याला. कसलं काय! पुढच्याच लग्नसराईत एका घरचे चौदा ब्लाऊज घेऊन बसले. नवरीच्या मापाच्या बाह्या नवरीच्या मावशीला लावल्या आणि मावशीच्या नवरीला. नवरीच्या एकेका बाहीत दोन दंड मावत होते. तुम्ही चष्मा लावून माझ्यासोबत उसवत बसलात आणि हसून हसून तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणालात, "पुढच्या बाईला न्हाई म्हण."

पुढच्या बाईला म्हणाले. माझ्या पाठीत कळ येतेय, मशीनचा पट्टा तुटलाय आणि मला माहेरी जायचंय, असं एका दमात. ती मशीनकडं बघून म्हणाली, "पट्टा तर बसवलेला दिसायलाय." ती ब्लाऊजपीस ठेवून गेली. तुम्ही आतून बाहेर आलात आणि मला वेडावून दाखवलंत. "तीन कारणं सांगितलीस की माणूस त्यातलं खोटं हुडकत बसतंय. एकच सांगायचं, खरं आसंल ते."

आणखी एक गोष्ट आहे. ती तुम्ही शिकवायला म्हणून सांगितली नव्हती, पण माझ्या मनातून जात नाही. मामा, म्हणजे तुमचे मालक, गेल्यानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवाची बोलावणी येत होती आणि मी कंटाळून म्हणाले, "पाच घरी जायचं म्हणजे वैताग आहे नुसता." तुम्ही भाजी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "जायचं नसंल तर जाऊ नको, पण वैताग म्हणू नको. मला आता कुणी इचारत बी न्हाई. न्हाई म्हणायला तरी कुणी बोलवाया लागतंय."

त्या दिवशी मी पाचही घरी गेले. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी तुमच्यासारख्या तीन बायकांना नुसतं चहाला बोलावलं, तेव्हा तुम्ही सकाळपासून दोनदा लुगडं बदललंत. तुम्हाला वाटलं मला कळलं नाही.

अशी तुम्ही मला घडवलीत. आज गावात मी नाही म्हणाले तर कुणी वाईट वाटून घेत नाही. भिशी नाही, उधारीवर शिवण नाही, निवडणुकीला नाव देणं नाही. सगळ्यांच्या घरी जाऊन, चहा पिऊन सांगितलं. चहानं पित्त झालं, पण माणसं टिकली.

पण आत्याबाई, तुम्हाला थोडं बोलणार आहे. एवढी तुम्ही तोलून मापून बोलणारी बाई, आणि बारशाच्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? मुक्ता पाळण्यात, आक्कांच्या मांडीवर चार वर्षांचा ओंकार, ओसरी बायकांनी भरलेली. तुम्ही म्हणालात, "आत्याच्या घरीच जाणार ही. दिली म्या, झालं." आक्कांनी तिथंच पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आणि मग हसतच राहिले, वीस वर्षं. तुम्हाला कशाला बोल लावू? तुम्ही एकदा बोललात, मी दर नागपंचमीला आक्का माहेरी आल्या की हसून त्याला हो म्हणत गेले. गयाबाईला तोंडानं हो म्हणाले होते, आक्कांना हसून म्हणत होते. फरक काय?

या वैशाखात आक्का रीतसर मागणी घालायला आल्या. ओंकार चांगला आहे हो. जिंतुरात खता-बियाण्याचं दुकान नीट चालवतो, तंबाखूसुद्धा खात नाही. पण मुक्ता परभणीला शेतीचं शिकतेय, तिला पुढंही शिकायचंय, आणि मुख्य म्हणजे तिला तो नवरा म्हणून नको आहे. तिनं मला विचारलं, "लहानपणी तू मला सगळ्यांना राखी बांधू द्यायचीस, ओंकारदादाला नाही. तेव्हापासून ठरवलं होतं का तुम्ही? मला कधी सांगणार होतात?"

त्याला दादा म्हणायचा हक्क तिनं स्वतःच घेतला होता, आम्ही दिला नव्हता.

तुमच्या लेकाला विचारलं तर तो म्हणाला, "माझी एकुलती बहीण हाय. म्या काय बोलू? फोन करून सांग तिला, पोरगी शिकायलीय, दोन वर्षं थांबा." मी म्हणाले, "आणि दोन वर्षांनी?" तर म्हणतो, "तवाचं तवा बघू." म्हणजे तेव्हापर्यंत आक्कांनी जेवणाचं ताट पुढं घेऊन बसायचं. मला गयाबाईचा सासरा दिसायला लागला.

भीती एकच होती. तुम्ही नाही, मामा नाहीत. आक्कांचं माहेर म्हणजे आता मी. मी नाही म्हणाले आणि त्यांनी या घराचा उंबरा सोडला, तर लेकीचं माहेर सुनेनं बंद केलं, असंच होणार होतं. लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, मला स्वतःलाच ते पेललं नसतं.

तरी सकाळच्या एसटीनं जिंतूरला गेले. एकटीच. आक्का वाळवणाचे गहू निवडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्यांना वाटलं मी तारीख घेऊन आलेय. चहा केला, त्यात वेलदोडा घातला. मी दोन घोट घेतले आणि सांगितलं.

"आक्का, मुक्ता द्यायची न्हाई. तिचं मन न्हाई."

एकच कारण सांगितलं. शिक्षणाचं तोंडावर आलं होतं, पण गिळून टाकलं.

आक्कांचा हात सुपात तसाच राहिला. "आईचा शब्द व्हता."

"व्हता."

"मंग?"

"पोरगी पाळण्यात व्हती आक्का. तिला कुणी इचारलं न्हाई. मला बोलायला पायजे व्हतं, म्या बोलले न्हाई. चूक माझी हाय."

"वीस वर्सं व्हतीस कुठं?" आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी उरलेला चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला, आणखी अर्धा तास बसले. आतून आवाज आला, "बसची येळ झाली तुझी."

निघताना त्यांनी मला कुंकू लावलं नाही. त्या घरातून मी बिनकुंकवाची कधी उठले नव्हते. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, कुणाच्या मयताला गेला होतात का म्हणून.

मग दीड महिना काही नाही. पेरण्या झाल्या, सोयाबीन वर आलं, आक्कांचा फोन नाही. तुमच्या लेकानं केला तर त्या उचलत नव्हत्या. तो माझ्याशी भांडला नाही, पण जेवताना एकदम म्हणायचा, "औंदा पंचमीला झोका बांधावा का न्हाई?" आणि मी ताकात मीठ दोनदा घालायचे.

आणि परवा दुपारी आक्का आल्या.

मी मशीनवर होते. दारात सावली आली म्हणून बघितलं तर आक्का. हातात पिशवी नव्हती, म्हणजे राहायला आलेल्या नव्हत्या. त्या बसल्या. मी चहा टाकला, साखर किती घातली देव जाणे. त्यांनी सगळा चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पंचमीला म्या येत न्हाई औंदा. दादाला घ्यायला धाडू नको."

"का आक्का?"

"राग हाय मला."

मी बशी उचलायला वाकले. मग त्याच म्हणाल्या, "दिवाळीला येईन. तवर जाईल."

एवढं सांगायला त्या दोन एसट्या बदलून, भर उन्हात आल्या होत्या. घरी फोन होता की. मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. तुमच्या लेकीला तुम्ही वेगळं काही शिकवलं असेल, असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

बस यायला अवकाश होता. आक्का माझ्या मशीनवरची चिंधी हातात घेऊन घड्या घालत बसल्या. घालता घालता म्हणाल्या, "पोरगी कुठाय?"

"परभणीला. पुढच्या आठवड्यात येईल."

"तिला म्या जलमल्यापासून सूनबाई म्हणायले. आता काय म्हणू?"

आत्याबाई, त्या रागात म्हणाल्या नाहीत. खरंच विचारत होत्या. मी म्हणाले, "नावानं हाक मारा की आक्का. मुक्ता म्हणा."

त्यांनी एकदा म्हणून बघितलं. "मुक्ता." मग पुन्हा एकदा, जरा हळू. जशी बाई नवीन बांगडी चढवून हात फिरवून बघते, तसं. मग उठल्या आणि एसटी गाठायला निघाल्या. तुमचा लेक त्यांना सोडायला गेला आणि मी दारात उभी राहिले.

म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या शब्दाला माझं 'नाही' आहे. कारण एकच, तुमच्या नातीचं मन नाही. तुमच्यापर्यंत येऊन, समोर बसून सांगता येत नाही, एवढी उणीव पोटात घाला. बाकी माझ्याकडं जे शहाणपण आहे ते सगळं तुमचंच आहे, आणि त्याचा पहिला मोठा घाव तुमच्याच शब्दावर घातला याचं मला वाईट वाटतं. वाईट वाटतं, पण पस्तावा होत नाही. माझा अंदाज असा आहे की तुम्ही आधी रागावाल आणि मग दोनदा मागून चहा घ्याल.

आता वचन देते, आणि हे पाळण्यापाशी दिलेलं नाही, चांगलं विचार करून दिलेलं आहे. दिवाळीला आक्कांना आणायला तुमच्या लेकाला पाठवणार नाही, मी स्वतः जाईन. पुढच्या पंचमीलाही जाईन, त्याच्या पुढच्याही. त्या आल्या तर झोका बांधीन. नाही म्हणाल्या तर चहा पिऊन परत येईन. पण माझ्या अंगात जीव आहे तोवर आक्कांना नाही म्हणता यावं म्हणून तरी, या घरातून दर वर्षी कुणीतरी विचारायला जाईल.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
तुमची सून
सुमन